माध्यमिक शाळेची शिस्त आणि दिनक्रम : बेचाळीस नियमांच्या पत्रकाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, नऊशेच्या आसपास मुलं, निम्मी वाड्यावस्त्यांवरून एसटीने येणारी. प्रश्न विचारणाऱ्या मॅडमची यंदा पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली आहे. मुख्याध्यापकांनी त्यांच्या हातात ४२ नियमांचं जुनं पत्रक दिलं आणि "शाळा भरायच्या आत नवीन करा" असं सांगितलं. उशीर, मोबाइल, गणवेश, मारामाऱ्या, खिशातल्या तंबाखूच्या पुड्या हे त्यांचे नेहमीचे त्रास. शेवटी त्या विचारतात, "छडी तर उगारायची नाही, मग मुलं ऐकणार कशी?"

मॅडम, पत्रक तूर्त बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षीची शिस्तीची नोंदवही उघडा. नोंदवही नसेल तर शिपाईमामांना आणि दोन जुन्या वर्गशिक्षकांना समोर बसवा आणि विचारा : भांडणं कुठे झाली, किती वाजता झाली? मुलांची नावं विचारू नका, ती त्यांना पाठच असतात. फक्त जागा आणि वेळ कागदावर मांडा. मी ज्या शाळांत पर्यवेक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होतो, तिथे हा कागद दर वेळी जवळजवळ सारखाच निघाला. परिपाठाआधीची पंधरा मिनिटं, शिक्षक रजेवर असलेला तास, मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं आणि शाळा सुटल्यानंतर एसटी येईपर्यंतचा अर्धा तास. तास चालू असताना, शिक्षक फळ्यापाशी असताना काही घडलं अशी नोंद क्वचित सापडते.

म्हणजे ज्या जागी ज्या वेळी कोणत्याही मोठ्या माणसाचं नाव लावलेलं नसतं, तिथे मुलं बेशिस्त होतात. आणि आपण काय करतो, तर मुलांसाठी आणखी एक नियम लिहितो. तुमच्या पत्रकातले ४२ नियम असेच वाढत गेले असणार. प्रत्येक नियमापुढे पेन्सिलने लिहा : हा कोण पाहणार, कधी पाहणार, कुठे नोंद करणार? तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत तो नियम खोडा. "विद्यार्थ्यांनी शिस्तीने वागावे", "शाळेच्या नावलौकिकास बाधा येईल असे वर्तन करू नये" असली वाक्यं पहिल्याच फटक्यात जातील. उरतील आठ-दहा. ती मुलांच्या दैनंदिनीत अर्ध्या पानावर मावली पाहिजेत.

नियम कसा लिहायचा त्याचा नमुना देतो. "विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे" याने काहीच होत नाही. "१०.५० च्या घंटेनंतर येणाऱ्याने फाटकावरच्या वहीत स्वतः नोंद करावी, चिठ्ठी घ्यावी आणि थेट वर्गात जावे" हा नियम झाला. त्यात घंटा आहे, वही आहे, चिठ्ठी आहे. चुकलं तर काय चुकलं ते दाखवता येतं.

उशिराबद्दल जरा सविस्तर, कारण दिवसाची सुरुवात तिथून होते. बऱ्याच शाळांत दुसरी घंटा झाली की फाटक लावतात आणि उशिरा आलेल्यांना परिपाठ संपेपर्यंत बाहेर ताटकळत ठेवतात. हे आजपासून बंद करा. फाटकाबाहेर उभं असलेलं मूल घरच्यांच्या हिशेबी शाळेत असतं आणि शाळेच्या हिशेबी गैरहजर. त्या वीस मिनिटांत ते टपरीवर गेलं, नदीवर गेलं किंवा कोणाच्या गाडीवर बसून गेलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. मूल आत घ्या आणि मग नोंद करा.

फाटकावर शिपाईमामा एकटे नकोत. वारानुसार एक शिक्षक तिथे हवा. वहीत रकाने असे : तारीख, नाव, इयत्ता-तुकडी, गाव, आल्याची वेळ, कारण. कारण मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं. पोरं सर्रास "एसटी लेट" लिहितात, म्हणून गावाचा रकाना महत्त्वाचा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वही गावानुसार चाळा. एकाच गावची आठ-दहा मुलं आणि वेळ एकच, तर गाडी खरंच उशिरा आली होती. त्या गावची बाकीची वेळेवर आणि एकच नाव आठवड्यात तीनदा, तर गोष्ट वेगळी आहे. पहिल्या प्रकारात मुलांना बोलू नका, वहीची पानं जोडून आगार व्यवस्थापकांना पत्र द्या. मुलींचे अहिल्याबाई होळकर योजनेचे मोफत पास काय आणि मुलांचे सवलतीचे पास काय, शाळेच्या शिक्क्याशिवाय निघत नाहीत. कोणत्या गावाहून किती मुलं येतात हे आगाराला आपल्याइतकंच ठाऊक असतं. नुसत्या तोंडी तक्रारीने काही हलत नाही, पण पंधरा दिवसांच्या तारखा आणि वेळा पुढे ठेवल्या तर गाडी दहा मिनिटं अलीकडे आलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या प्रकारातल्या मुलाच्या घरी वर्गशिक्षकाने जायचं किंवा पालकांना बोलवायचं. बहुतेक वेळा सकाळी गोठा, धाकटं भावंड किंवा आईबरोबर कामावर जाणं असं काहीतरी निघतं. ऊसतोड, विटभट्टी यांवर जाणारी कुटुंबं असतील तर दिवाळीनंतर ही वही एकदम भरायला लागते आणि मग रिकामी होते, कारण मूल यायचंच थांबतं. तो शिस्तीचा विषय राहत नाही, स्थलांतराचा होतो. तेव्हा त्या नावांवर आधीच खूण करून ठेवा.

आता एक काम सांगतो, ते बाकी काही जमलं नाही तरी करा. पहिल्या तासाला हजेरी झाली की वर्गशिक्षकांनी गैरहजर मुलांची चिठ्ठी कार्यालयात पाठवायची आणि दुसरा तास संपायच्या आत ज्यांचा निरोप आलेला नाही त्यांच्या घरी फोन गेला पाहिजे. "तुमचा मुलगा आज शाळेत आलेला नाही, घरी आहे ना?" एवढंच विचारायचं. वर्षातून एक-दोनदा पलीकडून उत्तर येतं, "तो तर सकाळीच निघालाय." त्या एका फोनसाठी बाकीचे सगळे फोन करायचे. हजेरी वेळेवर व्हायला हवी याचं आणखी एक कारण म्हणजे पाचवी ते आठवीच्या पोषण आहाराचा आकडा त्यावरूनच स्वयंपाकघरात जातो. सहावी ते आठवीच्या एका मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला आहे. आकडा चुकला की एक तर खिचडी उरते किंवा शेवटच्या रांगेतली मुलं उपाशी राहतात. आणि उपाशी मुलांच्या रांगेत भांडण होणारच.

मध्येच घरी जाणाऱ्यांसाठी गेट पासची पद्धत असेलच, ती नीट तपासा. "मामा न्यायला आलाय" एवढ्यावर मूल सोडू नका. प्रवेशाच्या वेळी कोणी न्यायला येऊ शकतं अशा दोन-तीन व्यक्तींची नावं आणि नंबर पालकांकडून लिहून घ्या. त्या यादीबाहेरचा माणूस असेल तर आधी आई-वडिलांना फोन, मग सही, मग पास. आणि गणवेश नाही, वही नाही, फी राहिली, पालकांना घेऊन ये, असल्या कारणांसाठी शाळेच्या वेळात मुलाला घरी पाठवायचं नाही, हे शिक्षकांच्या सूचनावहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

रजेवर गेलेल्या शिक्षकांचे तास ही सर्वस्वी तुमची जबाबदारी. बदली तासांची वही साडेदहाच्या आत भरून शिक्षक खोलीत टेबलावर पडली पाहिजे. "ऑफ" तासाला वर्ग मॉनिटरच्या हवाली करून त्याला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला सांगायची, ही प्रथा मोडा. त्या यादीवरून शाळेबाहेर मॉनिटरला मार बसतो, किंवा मॉनिटर नावं खोडायचे पैसे घ्यायला लागतो. हसू नका, घेतात. पेनं घेतात, वडापाव घेतात. एखाद्या दिवशी चार-पाच जण रजेवर असले तर दोन तुकड्या एकत्र बसवून वाचनालयातली पुस्तकं वाटा, मैदानावर पीटी लावा, काहीही करा, पण वर्गात मोठं माणूस हवं.

मधल्या सुट्टीच्या ड्युटीचा तक्ता जवळपास प्रत्येक शाळेत भिंतीवर असतो आणि त्यात "मैदान : अमुक सर" असं लिहिलेलं असतं. मैदान म्हणजे नक्की कुठे? सर आंब्याच्या सावलीत उभे आणि मारामारी पाण्याच्या टाकीमागे. तक्त्यात जागा लिहा : पाण्याची टाकी, मागची भिंत, सायकल स्टँड, वरच्या मजल्याचा जिना, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट. प्रत्येक जागेला एक नाव. सुट्टीच्या पहिल्या वीस मिनिटांत मुलं जेवतात, तेव्हा फार काही होत नाही. डबे झाले की शेवटच्या दहा मिनिटांत माणसं लागतात, आणि नेमके तेव्हाच आपले लोक चहाला खोलीत जातात. चहाची वेळ अलीकडे घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण एका शाळेत एवढ्या एका बदलाने सुट्टीनंतर कार्यालयात येणारी रडकी मुलं निम्म्याने कमी झाली होती.

स्वच्छतागृहाबद्दल. तुमच्या जुन्या पत्रकात "तासाच्या वेळी लघुशंकेस परवानगी मागू नये" अशा अर्थाचा नियम असणारच, सगळीकडे असतो. तो आधी काढा. या नियमामुळे मुली घरून निघताना पाणी पीत नाहीत, दिवसभर पीत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत सरळ घरी राहतात. मग आपणच महिन्यातली चार दिवसांची गैरहजेरी लिहितो. एका वेळी एकाने जायचं, दाराजवळ टांगलेला लाकडी पास घेऊन जायचं, आल्यावर पुन्हा टांगायचा. विचारायची गरज नाही, पास जागेवर आहे का तेवढं पाहायचं. काही पोरं फिरायला म्हणून जातील. ती कोण हे दोन आठवड्यांत कळतं, त्यांच्याशी वेगळं बोला. चार उंडग्यांसाठी चारशे मुलींना तहानलेलं ठेवू नका. सॅनिटरी पॅड कुठे आणि कोणत्या बाईंकडे मिळतात हे मुलींना माहीत हवं, आणि ते कपाट कुलूपबंद असेल तर किल्ली शाळेत हवी, रजेवर गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये नको.

गणवेशावर मी तुम्हाला फार वेळ घालवू देणार नाही. पावसाळ्यात बूट भिजतात, चपला चालवून घ्या. घरात कोणी गेल्यामुळे डोकं भादरलेलं मूल, नागपंचमीची किंवा घरच्या लग्नाची मेंदी, गळ्यातली तुळशीची माळ, मनगटावरची राखी, यांतलं काहीही बेशिस्तीत मोजू नका. केस रंगवणं, कडं घालणं वगैरे वर्गशिक्षकाच्या पातळीवर मिटतं. कार्यालयात गणवेशाचे पाच-सहा जुने जोड धुऊन ठेवा. दहावी सोडून जाणारी मुलं आनंदाने देतात. ज्याचा एकच जोड आहे आणि तो वाळलेला नाही, त्याला कोणाला न कळता तो बदलता आला पाहिजे.

मोबाइलचं वेगळं. "आणू नये" एवढं लिहून भागत नाही, कारण संध्याकाळी शिकवणीला जाणारी, शेवटच्या गाडीने एकटी परतणारी मुलं फोन आणणारच, आणि त्यांचे पालकच तो देतात. दोन वाटा ठेवा. पालकांचं लेखी पत्र असेल तर पहिल्या घंटेआधी फोन बंद करून कार्यालयात जमा, नंबर लिहिलेल्या कापडी कप्प्यात, हातात त्याच नंबरचं टोकन, शेवटच्या घंटेनंतर परत. पत्राशिवाय सापडला तर जप्त, त्याच दिवशी वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा आणि पालक आले की सही घेऊन परत द्यायचा. "वार्षिक परीक्षेनंतर देऊ" असं म्हणून कपाटात डांबू नका. हरवला, फुटला, तर भरपाई कोण देणार? आणि जप्त केलेला फोन कोणीही उघडायचा नाही, गॅलरी चाळायची नाही. सर्वांत महत्त्वाचं, एखाद्या मुला-मुलीची आक्षेपार्ह चित्रफीत मुलांमध्ये फिरते आहे असं कळलं तर "पुरावा" म्हणून ती शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. अल्पवयीन मुलांचं तसं चित्रण जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा आहे. चांगल्या हेतूने पुढे ढकलणाऱ्या सरांना तो हेतू पोलिसांना पटवत बसावं लागतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घालतं, आणि मारणाऱ्यावर सेवाशर्तींनुसार कारवाई होते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. काही शिक्षक म्हणतात, तो चौदा वर्षांपर्यंत, आमची नववी-दहावीची मुलं त्यात येत नाहीत. मग त्यांना बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ दाखवा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा छळलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तिथे मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. अंगठे धरून उभं करणं, कोंबडा, उठाबशा, उन्हात उभं करणं, सगळ्या वर्गासमोर घरच्यांचा उद्धार, हे सगळं त्यात बसू शकतं. "पाय मोडले तरी चालतील, पण पोरगं सुधरवा" असं म्हणणारा बाप तुम्हाला हमखास भेटेल. त्याची ही परवानगी कायद्यात काही कामाची नाही, आणि पोराचा पाय खरंच मोडला तर तोच बाप पोलीस ठाण्यात पहिला असेल.

कायदा राहू द्या. जुन्या शिक्षेच्या वह्या पाहिल्या तर दिसतं की छडी खाणारी नावं वर्षानुवर्षं तीच असायची. ज्याला मार बसला तो पुढच्या आठवड्यात पुन्हा मार खायला हजर. बाकीची मुलं छडीला भीत होती हे खरं, पण ती तशीही फार काही करत नव्हती.

छडीच्या जागी काय, तर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एक ठरलेलं माणूस. पहिल्यांदा वर्गशिक्षक बाजूला घेऊन बोलेल. दुसऱ्यांदा दैनंदिनीत नोंद आणि पालकांची सही. तिसऱ्यांदा पालक आणि तुम्ही, वर्गशिक्षक समोर. त्यापुढे मुख्याध्यापक, आणि तिथे लेखी हमी. एक पायरी गाळून कोणालाही थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं करायचं नाही, मारामारी, छेडछाड आणि नशा हे तीन सोडून. शिक्षा म्हणून काय चालेल? बुडालेला अभ्यास सुट्टीत पूर्ण करणं, मोडलेलं बाक सुताराबरोबर बसून दुरुस्त करणं, काही दिवस संघातून बाहेर बसणं. झाडलोट आणि स्वच्छतागृह धुणं शिक्षेत अजिबात नको. ते काम कोणाच्या वाट्याला येतं आणि त्यावरून वर्गात काय बोललं जातं, हे आपल्या समाजात सांगायला नको. दंडाचे पैसेही नको. पैसे घेतले की पावती आली, आणि पावती आली की लेखापरीक्षक विचारतो, हे कोणत्या शीर्षाखाली?

मारामारी झाली की काय करायचं, ते क्रमाने सांगतो, कारण इथे घाई नडते. आधी दोघांना वेगळं करा आणि जखम पाहा. डोक्याला मार असेल तर मूल "काही नाही झालं" म्हणालं तरी दवाखान्यात न्या आणि घरी कळवा. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, कोरा कागद द्या आणि काय घडलं ते लिहायला सांगा. "आधी कोणी मारलं?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा नाही. तो विचारला की दोन टोळ्या तयार होतात आणि साक्षीदार आपापल्या बाजूला जाऊन उभे राहतात. मुलं कागदावर तोंडी सांगण्यापेक्षा खरं लिहितात, हा माझा अनुभव. कागदाच्या मधोमध कुठेतरी कारण सापडतं : आठवड्यापूर्वी कबड्डीत ढकललं होतं, बहिणीवरून बोलला, जातीवरून बोलला. दोन्ही पालकांना त्याच दिवशी कळवा, पण एकाच वेळी समोरासमोर बोलवू नका. जातीवाचक बोलणं "चेष्टा" म्हणून मिटवू नका. ते नोंदवहीत जसंच्या तसं लिहा आणि मुख्याध्यापकांपर्यंत न्या.

एक प्रकार या पायऱ्यांत बसत नाही. लैंगिक छळाची नुसती कुणकुण लागली तरी शाळेने चौकशी समिती नेमायची नाही, दोन्ही घरं बोलावून "समजूत" घालायची नाही, मुलीला किंवा मुलाला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थाचालक "शाळेचं नाव जाईल" म्हणतील. तुम्ही लेखी अहवाल मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या आणि पोलिसांना कळवलं गेलं याची खात्री करा. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येक वर्गात दिसला पाहिजे. तक्रारपेटी आहे का पाहा, आणि असली तर तिची किल्ली कोणाकडे आहे तेही पाहा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर असेलच, तिच्या सदस्यांसमोर दर आठवड्याला पेटी उघडून वहीत नोंद करा. पेटीत निम्म्या चिठ्ठ्या "अमुक सरांचा तास नको" अशा निघतात. उरलेल्या निम्म्यांसाठी ती आहे.

तंबाखूच्या पुड्या. मुलाच्या खिशात सापडली की आपण मुलाला धरतो, ज्याने विकली तो समोर टपरीवर बसलेला असतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण त्याचा दंड २०० रुपयांपर्यंत, टपरीवाला तो हसत भरतो. पत्रात बाल न्याय अधिनियमाचं कलम ७७ लिहा : मुलाला तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे पत्र पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला द्या आणि त्याची प्रत टपरीवाल्यालाही दाखवा. मुलाशी बोलताना डॉक्टरांना बरोबर घ्या. सातवी-आठवीतलं पोर मिसरीपासून सुरू झालेलं असतं, आणि ती घरातल्याच डबीतली असते. तिथे पालकांना बोलावून दरडावण्यात अर्थ नसतो.

शाळेतून काढण्याची धमकी. "दाखला हातात देईन" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तसं स्पष्ट सांगतं. पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा आली म्हणून हे बदललेलं नाही. नववी-दहावीलाही शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवल्याशिवाय असं पाऊल टाकू नका. या धमकीचा एक सभ्य भाऊ आहे, १७ नंबरचा फॉर्म. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीत रेंगाळलेल्या, उनाड मुलाच्या पालकांना "याला १७ नंबरने बसवा, वर्ष वाचेल" असं समजावलं जातं. खाजगीरीत्या परीक्षा देणाऱ्यांसाठीची ती सोय आहे, शाळा सुटलेल्यांना तिचा खरा आधार होतो. पण जे मूल रोज गणवेश घालून येतंय त्याला त्या फॉर्मवर ढकलणं म्हणजे न काढता काढणं. आणि परीक्षेला बसायला लागणाऱ्या ७५ टक्के हजेरीचा बडगा फेब्रुवारीत दाखवू नका. दर महिन्याच्या अखेरीस ज्यांची हजेरी त्याखाली गेली त्यांची यादी काढा. दिवाळीपर्यंत ती भरून काढता येते, जानेवारीत फक्त रडता येतं.

किरकोळ गोष्टी भराभर. वाढदिवसाला वर्गात केक नको, परिपाठात नाव घेऊन टाळ्या पुरेत, ज्यांच्याकडे पैसे नाहीत ती मुलं त्या दिवशी दांडी मारायची थांबतील. शेवटच्या पेपराच्या दिवशी रंग उधळतात, त्या दिवशी पेपर सुटण्याच्या वेळा वर्गवार वेगळ्या ठेवा. रोज सुटतानाही पाचवी-सहावी आधी सोडा, सायकलवाले शेवटी. एसटी स्टँडवर मुलींच्या मागे लागणारी टोळकी शाळेची नसतात बहुधा, म्हणून शाळेच्या नियमांनी ती हटत नाहीत. जूनमध्येच पोलीस ठाण्याला पत्र देऊन सुटण्याच्या वेळा कळवा आणि स्टँडवर गाडी सुटेपर्यंत एक शिक्षक, एक शिक्षिका ठेवा. नववी-दहावीची मुलं स्कुटी घेऊन येतात, शाळेत लावायला बंदी म्हणून समोरच्या दुकानाशी लावतात. पालक सभेत मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ ए वाचून दाखवा : अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. २५ हजारांचा आकडा ऐकल्यावर मागच्या रांगेतली कुजबुज थांबते.

नवीन पत्रक तयार झालं की ते आधी शाळा समितीपुढे आणि पालक-शिक्षक संघापुढे ठेवा, इतिवृत्तात ठराव येऊ द्या, मग छापा. पुढे कोणी तक्रार केली तर "मॅडमनी मनाने केलं" असं म्हणता येणार नाही. पण छापायची घाई करू नका. शाळा भरण्याआधीच्या शिक्षक सभेत मुलांचे नियम वाचूच नका. फाटक, बदली तास, टाकी, जिना, एसटी स्टँड, गैरहजरांचे फोन यांचा तक्ता वाचा, प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करू द्या, आणि पहिल्या रांगेत तुमचं स्वतःचं नाव असू द्या, शक्यतो सकाळच्या फाटकावर. मुलांचं पत्रक जुलैत वाटलं तरी चालेल.